भार, ताण आणि कार्यभार

वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका वाचकाचा प्रश्न: जावात लिहिलेल्या मोठ्या व्यावसायिक प्रणालींची चाचणी घेताना खऱ्या घटकांच्या जागी नकली घटक बसवतात. त्यांनी किती आकडेमोड करायची, किती मेमरी अडवायची, किती वेळ थांबायचं, हे बाहेरून ठरवता येतं. या 'वर्कलोड सिम्युलेशन'ला 'कार्यभाराचे अनुकरण' म्हणावं का?

मुळीच नाही. कार्यभार सोपवतात, स्वीकारतात. नवे सचिव पर्वरीला, गोव्याच्या सचिवालयात, येऊन तो हाती घेतात. सर्व्हरवर पडतो तो नुसता भार. त्यातही 'भार' आणि 'ताण' एकमेकांच्या जागी वापरलेले ऐकून आता कान किटले. अपेक्षित गर्दी लोटून प्रणाली कशी वागते ते पाहणं ही भारचाचणी. मर्यादेपलीकडे खेचून ती कुठे मोडते ते पाहणं ही ताणचाचणी.

भार म्हणजे ओझं, हे कुणालाही ठाऊक आहे. पण अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, भार हे चक्क माप आहे! पल हे वजनाचं जुनं माप; शंभर पलांची एक तुला, वीस तुलांचा एक भार. म्हणजे २००० पल. हेच माप मिऱ्याच्या व्यापाराबरोबर दर्यापार गेलं, अरबीत 'बहार' झालं आणि पोर्तुगीजांच्या हिशेबांत उतरलं. बंदरागणिक त्याचं वजन बदलायचं. वसंतातल्या फारसी 'बहार'शी त्याचं नातं जोडणाऱ्यांनी आधी हे हिशेब पाहावेत. यूल आणि बर्नेल यांनी १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात मूळ संस्कृतच दिलं आहे, पण अरबी रूपाला ते नको तेवढा मान देतात. पोर्तुगीज लेखनात 'बार' असंही रूप सापडतं. ते अरबीतून आलंच नसावं, असं माझं ठाम मत आहे. आपल्या किनाऱ्यावर 'भार' रोज कानी पडत होता. पोर्तुगीज जिभेला 'भ' जमेना, म्हणून 'बार'.

भार मोजून द्यायचा असतो, म्हणूनच आकडे ठरवता येणाऱ्या या घटकांना तो शब्द चपखल बसतो. मात्र 'थ्रेड.स्लीप', म्हणजे थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याला) ठरावीक वेळ झोपवणारी जावाची आज्ञा, लिहून प्रोसेसरवर भार टाकला असं कुणी म्हणू नये. झोपलेला थ्रेड पूलमधली, म्हणजे थ्रेडच्या मर्यादित साठ्यातली, जागा अडवतो, प्रोसेसर मोकळाच राहतो. तो भार नव्हे, खोळंबा. खरा भार हवा तर आकडेमोड करवावी आणि तिचं उत्तर कुठेतरी वापरावं. नाहीतर जावाचा जिट कंपायलर (प्रोग्रॅम चालू असतानाच त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा भाग) ती निरुपयोगी म्हणून गाळून टाकू शकतो.

राहिलं 'सिम्युलेशन'. 'कृत्रिम भार' म्हणा, पुरे.