गव्हाणी तुझ्या गावची काढ

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा आमच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळाच्या फलकाचं काम माझ्याकडे आलंय. मोबाइलवर एआयला सांगून येशूजन्माचं चित्र बनवलं, सोबत पाठवतेय. सगळ्यांना आवडलं, पण एक वडीलधारे म्हणाले, "यंत्राच्या चित्रात भक्ती कुठली?" शिवाय नमुना छापला तर आकाशाचा निळा मातकट आला आणि जोडाक्षरं तुटली. काय करू?
– एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : चित्र पाहिलं. मरिया गोरीपान, गोठा लाकडी, उतरत्या छपराचा, अंगणात बर्फ. असा गोठा अंबडात नाही, आणि बेथलेहेम तर दगडी घरांचं, गुहांचं गाव. एआय ज्या चित्रांवर शिकलंय त्यांत युरोपातली भरपूर. नुसतं 'येशूजन्म' म्हटलं की तेच पुढ्यात येतं.

त्या वडीलधाऱ्यांचं मला निम्मं पटतं. मोबाइलच्या पडद्यावर ओढलेल्या रेघेतही भक्ती उतरते, यात मला शंका नाही. पण ती रेघ कुणीतरी ओढलेली हवी. उपासनेच्या जागी लावायचं मुख्य चित्र मी एआयकडून घेणार नाही. मांडणीचा अंदाज घ्यायला वापर हवं तर, पुढे स्वतःच्या हाताने काढ.

अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांची चित्रं शोधून बघ. मूळचे गोव्याचे, शांतिनिकेतनात शिकलेले, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडीतली, सावळी मरिया रंगवली. गोव्यात त्यांच्यावर टीका झाली, तरी त्यांनी वाट सोडली नाही.

तू आता एखाद्या गोठ्यात जा. गव्हाणीच्या कडा बघ, बैलांच्या माना घासून त्या कशा गुळगुळीत होतात. तळाशी कडब्याची चिपाडं कशी उरतात तेही बघ. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने बाळाला गव्हाणीत ठेवल्याचं लिहिलंय, गोठ्यातल्या जनावरांचा उल्लेखच नाही. बैल आणि गाढव चित्रांत आले ते जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या वचनावरून. तेव्हा बैल काढायचाच तर आपला देवणी किंवा लाल कंधारी काढ ना! मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी दे. मागी लोक, म्हणजे बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, तीनच होते असं शुभवर्तमानात मत्तय म्हणत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तो आकडा रूढ झाला. फलकावर दोन बसले तरी चालतील, गर्दी करू नकोस.

काढायला मोबाइलवर आयबिस पेंट हे चित्रकलेचं अॅप घे, संगणक किंवा टॅबलेट असेल तर क्रिटा घे, ते तर फुकट आहे. रेघा, रंग आणि सावल्या वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांवर, ठेव, म्हणजे पाळकांनी मरियेचा पदर बदलायला सांगितला तर चेहरा पुन्हा काढावा लागणार नाही.

रंगाचं म्हणशील तर पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई शाईने. झळाळता निळा शाईत बसत नाही, मंदावतो. आधीच थोडा गडद, शांत निळा निवड आणि फ्लेक्सवाल्याकडे छोटा तुकडा छापून बघ. सहा बाय चार फुटांना ७२०० बाय ४८०० पिक्सेल उत्तम. मोबाइल अडखळला तर निम्म्यावरही भागतं, फलक लांबूनच बघतात. फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, दर्जा उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव.

वचन एआयकडून चित्रातच लिहून घेऊ नकोस, देवनागरीचा अनेकदा चुराडा होतो. मुक्तासारख्या युनिकोड फॉन्टमध्ये स्वतः टाइप कर, बायबल शेजारी उघडं ठेवून काना-मात्रा ताडून बघ आणि अक्षरांचं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरं चित्राच्या आकारांत बदलून, पीडीएफ दे. मग दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी 'ख्रिस्त'मधलं जोडाक्षर तुटणार नाही. छापायला देण्याआधी कच्चा नमुना त्या वडीलधाऱ्यांना दाखव, आणि गव्हाणी कुणाच्या गोठ्यातली आहे तेही सांग.