लंडनमध्ये व्हिक्टोरियन काळातील घर मूळ सामानासह कुठे पाहता येईल?

त्यासाठी केन्सिंग्टनमधील १८, स्टॅफर्ड टेरेस येथील सॅम्बोर्न हाउस पाहावे. 'पंच' साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिनली सॅम्बोर्न १८७५ मध्ये येथे राहायला आले आणि पुढील पिढ्यांनी घरात फारसा बदल न केल्यामुळे प्रसिद्ध इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिसचे भित्तिकागद, मूळ फर्निचर आणि व्यंगचित्रांसाठी संदर्भ म्हणून सॅम्बोर्न यांनी स्वतः काढलेली हजारो छायाचित्रे टिकून राहिली. १९८० पासून हे घर लोकांसाठी खुले आहे. पत्नी मॅरियन यांच्या रोजनिशीतील जेवणावळींच्या व नोकरचाकरांच्या नोंदी, माझ्या मते, दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तूंपेक्षा अधिक बोलक्या आहेत. मात्र परिसराच्या इतिहासाचा संग्रह या घरात नसून जवळच्या केन्सिंग्टन सेंट्रल लायब्ररीत आहे. जुने नकाशे वा कागदपत्रे पाहायची असल्यास तेथे आधी चौकशी करावी.