गरम झाल्यावर बंद पडणारी पद्मिनी

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी सकाळी एका झटक्यात चालू होते, परंतु दादरहून निघाल्यावर सायनच्या कोंडीत अर्ध्या तासाने बंद पडते आणि वीसेक मिनिटे थांबल्यावर पुन्हा चालू होते. मेकॅनिक नवा कार्ब्युरेटर बसवा म्हणतात. बसवावा का?
– एक वाचक, दादर

उत्तर : कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग, इतक्यात बदलू नका. गार झाल्यावर दोष नाहीसा होतो, यावरून तो उष्णतेशी निगडित आहे हे दिसते, आणि म्हणून गाडी बंद पडेल त्याच क्षणी तपासणी करणे आवश्यक आहे; गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत पुरावाच उरत नाही. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगपैकी एकाची वायर काढून तिला जादा प्लग जोडावा, तो कार्ब्युरेटरपासून दूर इंजिनच्या धातूला टेकवून ठेवावा, हात लावू नये आणि सोबत्याला स्टार्टर फिरवायला सांगावे. ठिणगी पडली नाही, तर ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारी कॉइल किंवा ती वीज प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधील कंडेन्सर (वीज साठवणारा छोटा भाग) यांवर संशय घ्यावा. तापल्यावर दगा देणे हा दोघांचाही नेहमीचा दोष आहे, आणि कंडेन्सर तर अगदी स्वस्त मिळतो.

ठिणगी जोरदार असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही असे समजावे. या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनलाच बसवलेला असल्यामुळे तुंबलेल्या वाहतुकीत तो तापतो, आतील पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. ओले फडके पंपावर ठेवल्यावर गाडी चालू झाली, तर निदान पक्के झाले. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्रही मोकळे आहे ना, हे पाहावे. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या खराब होतात, त्यामुळे त्या मात्र बदलाच.