नवशिक्याने बुद्धिबळात कोणती भक्कम सुरुवात निवडावी?

आपली कन्या पुण्यात शनिवार-रविवारच्या शालेय स्पर्धा खेळते आणि पहिल्या दहा चालींतच तिचा डाव ढासळतो, तेव्हा तिला कोणती सुरुवात शिकवावी, असे आपण विचारले आहे.

काळी मोहरी असताना, पांढऱ्याने ई ४ (राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे; अक्षर उभी पट्टी आणि अंक आडवी ओळ दाखवतो) खेळल्यास, कॅरो-कान बचाव घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यात काळा आधी सी ६ आणि मग डी ५ खेळतो. डी ५ वरील प्याद्यामुळे सी ४ वरून एफ ७ वर रोखलेल्या उंटाची वाट बंद होते, आणि लहान मुलांच्या स्पर्धांत चार चालींत मात करण्याचा जो सर्रास प्रयत्न होतो, त्यातील हवाच निघून जाते. पांढऱ्याने प्यादे ई ५ वर ढकलले, तर उंट आधी एफ ५ वर काढावा आणि मगच ई ६ खेळावे. क्रम उलटा झाला तर तोच उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो.

पांढऱ्यासाठी लंडन पद्धत पुरेशी आहे: डी ४, उंट एफ ४, घोडा एफ ३, ई ३, सी ३ आणि कॅसलिंग (राजा व हत्तीची एकत्रित चाल). मात्र उंट बाहेर पडल्यावर बी २ चे प्यादे उघडे पडते, आणि काळा सी ५ खेळून वजीर बी ६ वर आणतो. तेव्हा बहुधा आपला वजीर बी ३ वर नेणे उत्तम, कारण वजिरांची मारामारी झाल्यास ए-प्याद्याने मारून हत्तीला मोकळी पट्टी मिळते. सिसिलियन बचावाच्या (ई ४ ला सी ५ ने उत्तर) लांबलचक चाली पाठ करून घेणारे शिक्षक तूर्त टाळावेत.