'स्लो'ला संथ म्हणायचं की रटाळ?

प्रश्न असा आलाय: "एका सिरीजबद्दल लिहिताना 'पहिला सीझन स्लो आहे पण बघा' असं लिहायचं होतं. 'स्लो'च्या जागी 'संथ' टाकलं तर मैत्रीण म्हणाली 'रटाळ' लिही, दोन्ही एकच. खरंच एकच का?"

नाही हो, अजिबात एकच नाही. संथ हा वेग झाला आणि रटाळ हा निकाल. नदी संथ असते, लय संथ असते, त्यात कुणी नदीला नावं ठेवत नाही. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा 'स्टॉकर' (१९७९) घ्या, १६३ मिनिटांचा पिक्चर आणि शॉट दीडशेच्या आत, म्हणजे सरासरी एकेक शॉट मिनिटाच्या वर. त्यात तीन माणसं रुळावरच्या ट्रॉलीवर बसून 'झोन' नावाच्या बंदी असलेल्या गूढ भागात जातात तो सीन आठवा, कॅमेरा नुसता त्यांच्या डोक्यांवर आणि चेहऱ्यांवर, मागे रुळांचा खडखडाट, तो खडखडाट हळूहळू कसल्यातरी विचित्र आवाजात बदलत जातो आणि आपल्याला कळतही नाही कधी बदलला, आणि मग एकदम पिवळट करड्या रंगातून हिरवंगार दिसायला लागतं. काहीही 'घडत' नाही त्या सीनमध्ये. याला संथ म्हणायचं. याला रटाळ म्हणणारेही आहेत, पण ते वेगाबद्दल बोलत नाहीयेत, त्यांना कंटाळा आला हे सांगतायत.

आणि उलटही होतं बरं का, वेगवान गोष्ट रटाळ असू शकते! शेवटची पाऊण तास चालणारी मारामारी, सेकंदाला एक कट, इमारती कोसळतायत, आणि आपण घड्याळ बघतोय. हा पिक्चर संथ आहे असं कुणी म्हणणार नाही पण रटाळ नक्की म्हणेल. म्हणजे "संथ आहे पण रटाळ नाही" आणि "रटाळ आहे पण संथ नाही" ही दोन्ही वाक्यं मराठीत बिनधास्त चालतात. शब्द एकच असते तर ती हास्यास्पद वाटली असती.

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजीतून घेतलेला 'स्लो' आपण सगळीकडे ठोकून देतो, पण मराठीत दुखणं नेमकं कुठे आहे त्याप्रमाणे शब्द बदलतो.

सुरुवातच संपत नसेल तर 'नमनालाच घडाभर तेल'. दिव्यांचं तेल नमनातच जळून गेलं, खेळ अजून सुरू व्हायचाय. टॉल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी वाचणाऱ्यांना हे लगेच पटेल, आधी हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांवर प्रस्तावना, त्यात ते काय ओढतात त्या तंबाखूवर वेगळा विभाग, मग म्हाताऱ्या बिल्बोची पार्टी, आणि त्या पार्टीनंतर नायक फ्रोडो गाव सोडतो तो १७ वर्षांनी! (मला स्वतःला ती प्रस्तावना फार आवडते, पण शब्द चपखल बसतो हे नाकारता येत नाही.) गोष्ट सुरू झाल्यावर लेखक भलतीकडेच जात असेल तर मात्र नमन नाही, ते पाल्हाळ. त्याच पुस्तकातला टॉम बॉम्बाडिल, वाटेत भेटणारा एक गाणारा अवलिया, कुणाला पाल्हाळ वाटतो, कुणाला जीव की प्राण, सिनेमावाल्यांनी तो सरळ कापला.

मुळात थोडंसंच आहे आणि ते वाढवलंय, तर 'पाणी घातलंय'. मालिका बघणारी माणसं हा शब्दप्रयोग रोज वापरतात, आणि याला टॉल्किनच्याच 'हॉबिट'पेक्षा चांगलं उदाहरण मला सुचत नाही. १९३७ सालचं जेमतेम तीनशे पानांचं पुस्तक, त्याचे २०१२, २०१३ आणि २०१४ असे तीन सिनेमे. हजारावर पानांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चेही तीनच झाले होते. इथे 'ताणलंय' पण चालेल, पण माझ्या कानाला फरक जाणवतो: ताणलेल्यात माल तोच असतो, फक्त लांब केलेला, पाणी घातलेल्यात बाहेरचं काहीतरी ओतलेलं असतं. सिनेमात टॉरिएल आहे, पुस्तकात त्या नावाचं पात्रच नाही, तिची प्रेमकथा कुठून असणार. म्हणून हॉबिटला पाणीच.

तेच ते पुन्हा पुन्हा येत असेल तर 'दळण'. आणि गोष्ट पुढेच सरकत नसेल तर 'रखडली'. रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम' या फँटसी कादंबरीमालेच्या मधल्या काही खंडांना इंग्रजी फॅन 'स्लॉग' म्हणतात, त्याला मी तरी 'रखडपट्टी'च म्हणेन. त्यातला दहावा खंड (२००३) म्हणजे कळस, नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते आणि दहाव्यात बराच वेळ वेगवेगळी पात्रं आपापल्या ठिकाणाहून तीच घटना लांबून जाणवून घेतायत! म्हणजे रखडपट्टी अधिक दळण. तरी १४ खंड पुरे झाले, जॉर्डन २००७ मध्ये गेले आणि शेवटचे तीन ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकाने पूर्ण केले. दुसरीकडे ज्यांच्या पुस्तकांवरून 'गेम ऑफ थ्रोन्स' ही सिरीज झाली त्या जॉर्ज मार्टिन यांचं त्या मालेतलं पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं आणि सहाव्याची वाट बघणं चालूच आहे, तिथे गोष्ट नाही, पुस्तकच रखडलंय.

मार्टिन निघालेच आहेत तर 'स्लो'च्या उलट्या रोगाचाही शब्द घ्या: 'गुंडाळणे'. 'गेम ऑफ थ्रोन्स'चे पहिले सहा सीझन दहा-दहा एपिसोडचे, सातवा सातचा, आणि २०१९ चा शेवटचा फक्त सहाचा. शेवट गुंडाळला असं सगळे म्हणतात. आणि मराठीत माणसाला गुंडाळणे म्हणजे फसवणे, तो अर्थही त्या सीझनला लागू पडतो असं माझं प्रामाणिक मत आहे. 'गंडणे'चंही तसंच, शेवट गंडला आणि आठ वर्षं बघणारे आपणही गंडलो.

एक शब्द मात्र जपून वापरा, 'रेंगाळणे'. "कथा मध्यंतरानंतर रेंगाळते" ही तक्रार, आणि "कथा मनात रेंगाळते" हे कौतुक. क्रियापद तेच, कुठे रेंगाळली त्यावर सगळं.

तसंच 'कंटाळवाणा' लिहिण्याआधी एकदा थांबा. "मला कंटाळा आला" यात कंटाळा माझ्याकडे आला, सिनेमा बिचारा निर्दोष सुटू शकतो. "सिनेमा कंटाळवाणा आहे" म्हटलं की आरोप सिद्ध. 'बोअर'ने ही सोय घालवली, "मी बोअर झालो" आणि "पिक्चर बोअर होता", दोन्हीकडे तोच शब्द, कोणाची चूक ते कळतच नाही, कदाचित म्हणूनच आपल्याला तो इतका आवडतो.

आता तुमचं वाक्य. "संथ आहे पण बघा" मधला 'पण' मला खटकतो, कारण त्याने संथ असणं दोष ठरतं, आणि "रटाळ आहे पण बघा" म्हटलं तर कोण कशाला बघेल. तुम्हाला बहुतेक असं म्हणायचंय की सुरुवातीला मजा येत नाही, नंतर येते. त्याला आपल्याकडे 'रंगणे' आहे ना, मैफल रंगते, डाव रंगतो, तशी सिरीजही रंगते. "पहिला सीझन रंगायला वेळ लागतो, पण बघा" लिहा. तिथे 'पण' शोभतो. आणि कोणती सिरीज तेही सांगा.