आधी गाव विचारा, मग किट काढा

छठ करून बिहार-झारखंडहून चाळीसेक कामगार शिरोलीच्या फौंड्रीत परत येणार आहेत. ठेकेदार म्हणतोय, सगळ्यांना ‘परजीवी आजारांचं किट’ लावा आणि निगेटिव्ह निघेल त्यालाच खोली द्या. तर किट कुठलं घ्यायचं, असा तुमचा प्रश्न. लॅब टेक्निशियन म्हणून माझी नोकरी लोकांची बोटं टोचण्यातच गेली, तेव्हा जरा लांबण लागेल.

एक तर असलं सगळ्यांचं मिळून एक किट नसतंच. मलेरियाचं वेगळं, हत्तीरोगाचं वेगळं, कालाआजाराचं वेगळं. पोटातले नेहमीचे जंत तर बोट टोचून कळतच नाहीत, त्यांना शौचाचा नमुना आणि सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून माणूस समोर बसला की मी दोनच गोष्टी विचारायचो: गाव कुठलं, आणि तिथून निघून किती दिवस झाले. झारखंड, ओडिशा, छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यातला गडी तापाने आला तर आधी मलेरिया बघायचा. उत्तर बिहारचा असेल, ताप दोन आठवडे हटत नसेल, पानथरी (प्लीहा) हाताला लागत असेल, तर कालाआजार. कालाआजार तपासायच्या आरके३९ पट्टीत एक खोच आहे: आजार पूर्वी होऊन बरा झाला असला तरी पट्टी पुढे कित्येक महिने, वर्षंसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकते. ताप नसलेल्या माणसाला ती लावून काय साधणार? आणि बीडहून ऊसतोडीला आलेल्या टोळीला ही किटं लावणं म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणं. त्यांच्या पोरांना जंताची गोळी द्या, बायकांचं हिमोग्लोबिन बघा.

तुमच्याकडे खरं काम मलेरियाच्या किटचं आहे, पण तेही तापाच्या माणसाला. गावाहून परतल्यावर पहिल्या महिन्याभरात कुणाला ताप आला, की त्याच दिवशी किट. आपल्याकडे पावसाळ्यानंतर ताप म्हटला की डेंगी, आणि प्लेटलेट घसरल्या की मग विचारूच नका. पण मलेरियातही प्लेटलेट घसरतात, राव! सलाइन लावून चार दिवस वाट बघितली तर फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्स, मलेरियाच्या या दोन्ही जाती ओळखणारं किट घ्या. फॅल्सिपेरमची रेघ बहुतेक किटांत एचआरपी-२ या प्रथिनावर उमटते. ते औषध घेतल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, म्हणून नुकताच उपचार झालेल्याची रेघ बघून परत औषध सुरू करू नका, रक्ताची काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. उलटही होतं. जंतू थोडे असले तर किट निगेटिव्ह येतं. ताप चालूच असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचा आणि काचपट्टी तपासायला पाठवा. रक्त पाच मायक्रोलिटर म्हणजे थेंबाहूनही कमी लागतं. लोक अख्खा थेंब ओततात, मग किटची रेघ दिसायची खिडकी लाल होऊन बसते आणि रेघ कुठली, डाग कुठला, कळत नाही. पेटी भट्टीच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. किट चाललं हे दाखवणारी कंट्रोलची रेघ आली, तरी किट उन्हाने बिघडलेलं असू शकतं.

वेळेचं म्हणाल तर माझाच किस्सा. एका शिबिरात हत्तीरोगाच्या पट्ट्या ओळीने मांडल्या होत्या. ती दहा मिनिटांनी वाचायची असते. मी चहाला गेलो, गप्पांत अर्धा तास गेला. येऊन बघतो तर तीन पट्ट्यांवर पुसटशी दुसरी रेघ. नव्या पट्ट्या लावून घड्याळ समोर ठेवून वाचल्या, तर तिन्ही निगेटिव्ह! त्यातला एक बिचारा तोवर पँट वर करून स्वतःचे पाय निरखत बसला होता. त्या पट्टीची एक सोय मात्र मोठी: ती प्रौढ कृमीतून रक्तात येणारा अंश (प्रतिजन) पकडते, त्यामुळे दिवसा चालते. काचपट्टीसाठी रात्री झोपेतून उठवावं लागतं, कारण सूक्ष्म कृमी बाहेरच्या रक्तात रात्री येतात.

आता पॉझिटिव्ह आला तर पुढे काय, हे किट विकत घ्यायच्या आधी ठरवा. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात, ते कुठल्याच किटात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन 14 दिवस. ते देण्याआधी जी६पीडी या रक्तपेशींतल्या विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे का, हे डॉक्टरांनी बघायला हवं, आणि गरोदर बाईला ते देतच नाहीत. गडी तिसऱ्या दिवशी बरा होतो, गोळ्या उशाशी टाकून पाळीला जातो आणि दोन महिन्यांनी परत थंडी वाजून कुडकुडतो. त्यामुळे सुपरवायझरने पाळी सुरू होताना गोळी समोर गिळायला लावावी, जेवण झालेलं असताना. सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी आणि औषध फुकट आहे; जवळच्या आरोग्य केंद्रात आधीच बोलून ठेवा.

खोलीची अट मात्र ठेकेदाराला सोडायला लावा. खोली जाणार, रोजगार जाणार म्हटल्यावर ताप आलेला माणूस क्रोसिन खाऊन भट्टीपुढे उभा राहील, आणि ज्याला शोधायचं तोच तुमच्यापुढे येणार नाही. त्यापेक्षा तापाच्या दिवशी खाडा धरणार नाही, एवढं ठेकेदाराकडून वदवून घ्या. आणि हे हिंदीत, त्यांच्यातल्याच एखाद्या जुन्या गड्याकडून सगळ्यांना सांगा.