संगणक बसला, पण हिशेब बसेना
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: यंत्रणा घेतली, पैसे गेले, पण कारभारात फरक दिसत नाही. दूध संस्थेच्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण तिथली चूक थेट उत्पादकाच्या खिशातून जाते.

प्रश्न : आमच्या संस्थेत इलेक्ट्रॉनिक काटा, मिल्क अ‍ॅनालायझर (दुधाचं फॅट मोजणारं यंत्र) आणि संगणक जोडून तीन वर्षं झाली. एका वेळेला साधारण ६०० किलो गाईचं दूध येतं. तरी दर दहा दिवसांच्या बिलात आमचं दूध घेणाऱ्या संघाकडून लिटरही कमी येतात आणि फॅटही. यंत्र चुकतंय की माणूस?
– सचिव, दूध संस्था, सांगली जिल्हा

उत्तर : लिटरचा फरक आणि फॅटचा फरक आधी वेगळे काढा. दोन्ही एकाच रकमेत मिसळले की कोणावर तरी संशय घेण्यापलीकडे हाती काही लागत नाही.

लिटरपासून सुरुवात करू. काटा किलो दाखवतो, बिल लिटरवर निघतं आणि मधला भागाकार सॉफ्टवेअर करतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये भागाकाराचा आकडा, म्हणजे एका लिटर दुधाचं किलोतलं वजन, १.०२७ असेल आणि संघाकडे १.०३, तर ६०० किलोचे तुमच्याकडे ५८४.२ लिटर होतात आणि संघाकडे ५८२.५. एका वेळेला १.७ लिटर, दिवसाला ३.४, दहा दिवसांच्या बिलात ३४ लिटर. यात कोणी चोरी केलेली नाही आणि कोणाचा काटाही बिघडलेला नाही. सेटिंगमधला आकडा बघा, संघाला त्यांचा आकडा लेखी विचारा आणि दोन्हीकडे एकच ठेवा.

त्याच वेळी दहा किलोचं प्रमाणित वजन काट्यावर ठेवून चाचणीची पावती काढा. काट्यावर १०.०० आणि पावतीवर ९.७ च्या आसपास आलं तर ठीक. काट्यावरच ९.७ आणि पावतीवर ९.४ आलं, तर काटा स्वतः लिटर दाखवतोय आणि सॉफ्टवेअर पुन्हा भागतंय. मग उत्पादकाचं जवळजवळ तीन टक्के दूध कापलं जातं. तुमची तक्रार याच्या उलट आहे, तरी ही चाचणी वर्षातून दोनदा सभासदांसमोर घ्याच.

तिसरी गोष्ट नमुन्याची. १२० उत्पादकांचे प्रत्येकी ५० मिली नमुने म्हणजे एका वेळेला सहा लिटर. ते दूध कॅनमध्ये परत जात नसेल, तर संकलनाच्या आकड्यात ते असतं आणि टँकरमध्ये नसतं. त्याची ‘नमुना दूध’ अशी वेगळी नोंद हवी आणि ते विकलं तर पैसेही त्याच खात्यावर जमा व्हायला हवेत.

आता फॅट. बऱ्याच ठिकाणी तुलनाच चुकीची केली जाते. सगळ्या पावत्यांवरच्या फॅटची साधी सरासरी काढून ती संघाच्या फॅटशी ताडून बघतात. एकानं ३.४ फॅटचं ४० किलो दूध घातलं आणि दुसऱ्यानं ४.४ फॅटचं ५ किलो, तर साधी सरासरी ३.९ येते. कॅनमधल्या एकत्र दुधाचं फॅट मात्र ३.५ असतं, कारण जास्त दूध पातळ आहे. प्रत्येक पावतीचे किलो गुणिले फॅट करून बेरीज घ्या, तिला एकूण किलोंनी भागा. सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये ही भारित सरासरी बहुधा असतेच, फक्त ती बघितली जात नाही.

एवढं करूनही फरक राहिला तर अ‍ॅनालायझर तपासा. आठवड्यातून एकदा पाच नमुने गर्बर पद्धतीनं, म्हणजे अ‍ॅसिडनं फॅट वेगळं करून, काढा. ब्युटिरोमीटरमध्ये (फॅट वाचायच्या खुणांच्या काचेच्या नळीत) १० मिली गर्बर अ‍ॅसिड (सल्फ्युरिक अ‍ॅसिड), त्यावर काचेच्या कडेनं हळूहळू १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून नीट मिसळा, मिनिटाला ११०० फेऱ्यांवर पाच मिनिटं फिरवा, ६५ अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून वाचा. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय अ‍ॅसिडला हात लावू नका. पाचही नमुन्यांत यंत्र एकाच बाजूला ०.१ किंवा ०.२ चुकत असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचं माप बरोबर लावून घेणं, करून घ्या. कधी वर, कधी खाली जात असेल तर कॅलिब्रेशननं काही होणार नाही. नमुना घेण्याआधी दूध नीट ढवळलं जात नाही, नमुन्यात फेस राहतो, किंवा यंत्राच्या नळीत दुधाचा थर साचलाय. गरम पाण्यानं धुणं रोजचं, पण तो थर त्यानं निघत नाही. कंपनीनं सांगितलेलं अ‍ॅसिडचं क्लीनर ठरलेल्या दिवशी वापरावं लागतं. ०.१ फॅट क्षुल्लक वाटतं, पण ६०० किलोंवर ते दर वेळेला ६०० ग्रॅम फॅट होतं.

आणि माणसाचं म्हणाल, तर सॉफ्टवेअरमधून ‘मॅन्युअल एंट्री’चा रिपोर्ट काढा. वीज गेली किंवा केबल निघाली की आकडे हातानं टाकायची सोय असते आणि हळूहळू तीच सवय होते. दिवसाला दोन-चार नोंदी समजू शकतो. रोज त्याच उत्पादकांच्या त्याच वेळेच्या नोंदी हातानं होत असतील, तर तो विषय संचालक मंडळापुढे यायला हवा. काटा आणि अ‍ॅनालायझर थेट संगणकाला जोडण्याचा सगळा अर्थ मध्ये कोणाचा हात नसण्यात आहे. एक साधा यूपीएस हा अर्थ टिकवतो.

प्रश्न : एम.बी.ए.च्या प्रकल्पासाठी ‘माहिती प्रणालीमुळे संस्थेची कामगिरी सुधारते’ असं विधान घेतलंय. ते सिद्ध कसं करावं?
– विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : विधान थोडं बदला. प्रणालीमुळे ‘कधी’ सुधारते, असं विचारा. १९८७ साली अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी नोंदवलं होतं की संगणक सगळीकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत. त्यावर १९९० मध्ये आर्थिक इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी विजेच्या मोटरचं उदाहरण दिलं. अमेरिकेतल्या कारखान्यांनी वाफेचं इंजिन काढून सगळी यंत्रं फिरवणाऱ्या त्याच लांबलचक शाफ्टला मोटर जोडली, तेव्हा फारसं काही वाढलं नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन, कामाच्या ओघाप्रमाणे कारखान्याची मांडणीच बदलली, तेव्हा १९२० च्या दशकात उत्पादकतेनं उचल खाल्ली. तुमच्या प्रकल्पात जुनी रजिस्टरं जशीच्या तशी संगणकात उतरवणारी संस्था आणि कामाचा क्रमच बदललेली संस्था, अशी तुलना करा. कर्मचाऱ्यांना ‘समाधानी आहात का’ विचारून भागणार नाही. ऑर्डर ते डिलिव्हरी किती दिवस, शंभर बिलांमागे दुरुस्त्या किती, उधारी सरासरी किती दिवसांनी वसूल होते, हे तीन आकडे प्रणालीच्या आधीच्या आणि नंतरच्या त्याच महिन्यांचे घ्या. मार्चची तुलना जूनशी केली तर हंगामच मोजला जाईल.

प्रश्न : हार्डवेअरचा होलसेल धंदा आहे, सुमारे २,५०० आयटम. बिलिंग सॉफ्टवेअरवर आहे, तरी स्टॉक कधीच जुळत नाही. काही आयटम तर उणे दाखवतात. मुलं शेवटी गोडाऊनमध्ये जाऊनच बघतात.
– व्यापारी, नागपूर

उत्तर : उणे स्टॉक म्हणजे माल आल्याची नोंद व्हायच्या आधी तो विकल्याचं बिल झालं. बहुतेक दुकानांत बिल काउंटरवर लगेच बनतं, खरेदीची एंट्री मात्र अकाउंटंट संध्याकाळी किंवा दोन दिवसांनी करतो. टेम्पो रिकामा होतानाच चलनावरून आवक टाका, खरेदीचं बिल नंतर त्याला जोडा. हे आठवडाभर पाळलं की मगच उणे बिलिंग बंद करायची सेटिंग लावा. आधी लावली तर गिऱ्हाईक समोर उभं असताना काउंटर अडतो आणि मुलं वाटेल ते आवक आकडे टाकायला लागतात.

दुसरं मूळ एककांत असतं. बोल्ट किलोनं येतो आणि नगानं जातो, स्क्रूची पेटी येते आणि सुटे विकले जातात. आयटम मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या मूळ यादीत) खरेदीचं एकक, विक्रीचं एकक आणि दोन्हींमधला गुणोत्तराचा आकडा भरलेला हवा. किलोत किती नग बसतात ते प्रत्येक साइजचा एक किलो प्रत्यक्ष मोजूनच लिहा. ‘३ इंची बिजागरी’ आणि ‘बिजागरी ३"’ असे एकाच मालाचे दोन आयटमही शोधा. एकाचा स्टॉक उणे आणि दुसऱ्याचा पडून, ही त्याची खूण.

वर्षाअखेरीला दुकान बंद ठेवून मोजदाद करण्यापेक्षा रोज दुकान उघडण्याआधी २० आयटम मोजा. सर्वाधिक विक्रीचे २०० आयटम महिन्यातून एकदा आणि बाकीचे वर्षातून एक-दोनदा मोजले तर पुरतं. जुळलेले आयटम भागिले मोजलेले आयटम, हा आकडा फळ्यावर लिहा. फरक सापडला की नुसता आकडा दुरुस्त करून पुढे जाऊ नका, शेवटच्या चार-पाच नोंदी बघून कारण लिहा. दोन महिन्यांत कारणांची यादी पाच-सहांवर येते आणि तीच तुमची खरी दुरुस्ती. मुलं गोडाऊनमध्ये जायची थांबली, की समजा स्टॉकवर त्यांचा विश्वास बसला.

प्रश्न : फरसाण आणि मिठाईचा कारखाना, ८० कामगार. ईआरपी (खरेदी, स्टॉक, उत्पादन आणि विक्री एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली) घेतलीय. विकणारे म्हणतात, दिवाळीच्या आधी सुरू करा म्हणजे हंगामाचा फायदा मिळेल. करावं का?
– उत्पादक, पुणे जिल्हा

उत्तर : करू नका. हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीनं १९९९ च्या जुलैमध्ये नवी प्रणाली एका दमात सुरू केली, तेव्हा हॅलोवीन या ऑक्टोबरअखेरच्या सणाच्या ऑर्डरी येत होत्या. माल गोदामात होता, पण ऑर्डरी वेळेवर निघेनात. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत. एवढ्या मोठ्या कंपनीला जे पेललं नाही, ते ऐन हंगामात अंगावर घेऊ नका.

दिवाळी होऊ द्या. नंतर आधी खरेदी आणि कच्च्या मालाचा स्टॉक, तो महिनाभर जुळला की उत्पादन, मग विक्री. जुनी आणि नवी पद्धत सोबत चालवायची तर चार आठवड्यांपेक्षा जास्त नको. दोन्हीकडे लिहून माणसं थकतात आणि दोन्ही नोंदी बिघडतात. बंद करायची तारीख आधीच जाहीर करा.

उत्पादनाच्या भागात तुमची अडचण येईल ती पदार्थाच्या मापात. ईआरपीला एक किलो शेवेला बेसन किती, तेल किती हे सांगावं लागतं आणि कारागीर ते अंदाजानं करतो. शेव तेल पिते, तसं पिठातलं पाणी उडतं, त्यामुळे आत गेलेलं आणि बाहेर आलेलं वजन कधीच सारखं नसतं. तेव्हा या दिवाळीत सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि कढईजवळ एक काटा व एक वही ठेवा. प्रत्येक पदार्थाचे किमान दहा घाणे: पीठ किती, कढईतलं तेल आधी किती आणि नंतर किती, तयार माल किती, चुरा किती. कारागिराला सांगा की ही त्याची परीक्षा नाही, नाहीतर तो त्या दहा घाण्यांपुरता जपून हात चालवेल आणि जानेवारीत तुमचं माप चुकेल.